कोणी मागितलंच नव्हतं

प्रिय,

तुझं पत्र परवा मिळालं. रात्री दीडला लिहिलंयस हे तू वर वेळ टाकली नसतीस तरी अक्षरावरून कळलं असतं. पहिलं पान सरळ आहे, दुसऱ्या पानावर ओळी उजवीकडे घसरायला लागल्या आहेत आणि तिसऱ्यावर नुसती यादी. ती यादी मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सवय, दुसरं काय.

तेवीस कामं आहेत. सहकाऱ्याच्या घरी बाळ बघायला जायचंय. शाळेच्या ग्रुपची भेट ठरवायचीय, कारण मागच्या दोन्ही वेळा तूच ठरवली होतीस. कुणीतरी दिलेल्या भेटवस्तूच्या तोडीचं काहीतरी शोधायचंय. चुलतभावाच्या मित्राचा बायोडेटा नीट करून द्यायचाय. त्या मित्राला तू पाहिलेलंही नाहीस. वाचन मंडळाचं पुस्तक संपवायचंय, आणि पुढे कंसात लिहिलंयस, 'अजिबात आवडत नाहीये'. पुढच्या महिन्यातले चारही रविवार गेलेत. आणि एवढं सगळं लिहून झाल्यावर खाली विचारलंयस, 'मॅडम, वेळेचं नियोजन कसं करायचं ते सांगा.'

नियोजनाबद्दल मी तुला काहीही सांगणार नाही. रात्र थोडी आणि सोंगं फार झाली असतील तर रात्र कशी पुरवायची यावर खल करू नये, सोंगं मोजायला घ्यावीत.

पेन्सिलीनं मी एकच केलं. पत्रात 'लागतं', 'लागेल', 'लागणार' जिथे जिथे आलं तिथे खाली रेघ मारली. एकोणीस रेघा झाल्या. आपल्या भाषेतलं हे क्रियापद मोठं लबाड आहे बघ. 'मला जावं लागतं.' जाणारी मी, हे ठीक. पण मला जायला लावणारं कोण? ते वाक्यात कुठेच नसतं. 'बाबांनी मला पाठवलं' म्हटलं की बाबा समोर दिसतात, त्यांच्याशी वाद घालता येतो, रुसता येतं, गेलाबाजार त्यांना उलट विचारता तरी येतं. 'लागतं' म्हटलं की पाऊस लागावा तसं ते आभाळातून येतं. पावसाशी कोण भांडणार? आपण मुकाट्यानं छत्री उघडतो.

त्या एकोणीस जागी लावणारा कोण होता हे शोधायचं, एवढंच मला या पत्रात सांगायचं आहे. माझा अंदाज आधीच सांगून टाकते: चौदा-पंधरा ठिकाणी तुला कुणीही सापडणार नाही.

हा अंदाज मी हवेतून काढलेला नाही. मी शेहेचाळीस वर्षांची असताना एकदा वही घेऊन बसले होते. पानाचे तीन भाग केले. पहिल्यात काम लिहिलं, दुसऱ्यात ते कुणासाठी, आणि तिसऱ्यात त्या माणसानं ते माझ्याकडे नेमकं कुठल्या शब्दांत मागितलं होतं. पहिला रकाना भराभर भरला. दुसऱ्यात अडखळले, कारण बऱ्याच ओळींपुढे 'सगळ्यांसाठी' असं लिहावं लागत होतं, आणि सगळे म्हणजे कोण, हे स्वतःलाच विचारायची पंचाईत. तिसरा रकाना जवळजवळ कोराच राहिला. मी तो कोरा रकाना बघत बराच वेळ बसले होते. त्या वेळी मानसशास्त्र शिकवायला लागून मला वीस वर्षं झाली होती, हे लक्षात घे. दुसऱ्यांच्या डोक्यात काय चालतं ते फळ्यावर लिहून दाखवणारी बाई मी.

त्या यादीतली एक ओळ होती निरोपाच्या भाषणाची. आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्याच्या निवृत्तीला मी हौसेनं चार पानं लिहून वाचली होती. लोकांना आवडलं. पुढच्या निवृत्तीला सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तिसऱ्या वेळी बघायचीही गरज उरली नव्हती. पुढे अकरा वर्षं, कोणी निवृत्त होवो, बदलून जावो, माझी चार पानं ठरलेली. शेवटी शेवटी तर ज्यांच्याशी माझं धड बोलणंही नव्हतं त्यांच्या मनमिळाऊ स्वभावावर मी परिच्छेद पाडत होते. रात्री जागून.

त्या रकान्यानंतर महिन्याभरानं मी धीर करून प्राचार्यांना सांगितलं की यापुढे मला हे जमणार नाही. मला वाटलं होतं ते नाराज होतील, निदान कारण तरी विचारतील. ते म्हणाले, 'बरं झालं बोललात. एक-दोघांनी विचारलं होतं, पण तुम्हाला आवडतं म्हणून आम्ही कोणाला सांगत नव्हतो.' अकरा वर्षं मी त्यांच्यासाठी लिहीत होते आणि ते माझ्यासाठी मला लिहू देत होते! त्यात एका नव्या प्राध्यापकाची हौस विनाकारण दाबली गेली, ते वेगळंच. पुढे तो फार छान बोलायचा. माझ्यापेक्षा छान, असं मी पुष्कळ उशिरा कबूल केलं.

असं का होतं, याचा सगळ्यात चांगला किस्सा मी वर्गात सांगायचे, तुला आठवत असेल. जेरी हार्वे हे व्यवस्थापनशास्त्राचे अमेरिकी प्राध्यापक. त्यांनी १९७४ मध्ये स्वतःच्या सासुरवाडीची हकिगत लिहिली. टेक्सासमधलं छोटं गाव, जुलैतली दुपार, चाळीस अंशांचं ऊन. घरात पत्ते-सोंगट्यांसारखा खेळ चाललाय, पंखा आहे, गार प्यायला आहे, झकास चाललंय. सासरे मध्येच म्हणतात, ॲबिलीनला जाऊन जेवून येऊ या का? ॲबिलीन ५३ मैलांवर, म्हणजे जवळपास ८५ किलोमीटर, आणि गाडीत एसी नाही. बायको म्हणते, छान कल्पना आहे. हार्वे म्हणतात, मला चालेल, सासूबाईंची इच्छा असेल तर. सासूबाई म्हणतात, अर्थातच, कित्येक दिवसांत गेले नाही. चार तासांनी सगळे धुळीनं माखून, बेचव जेवून परत येतात आणि मग हळूहळू बाहेर पडतं की सासूबाईंना जायचं नव्हतं. बायकोलाही नव्हतं. हार्वेंना तर नव्हतंच. आणि सासरे? ते म्हणाले, तुम्ही सगळे कंटाळला असाल असं वाटलं म्हणून मी नुसतं विचारलं.

वर्गात मुलं पोट धरून हसायची. हसून झाल्यावर मी विचारायचे, तुमच्या घरी शेवटचं असं कधी झालं? मग वर्ग शांत व्हायचा.

तुझ्या शाळेच्या ग्रुपची भेट मला सरळसरळ ॲबिलीनची सहल वाटते. बारा जण आहेत म्हणतेस. तू ठरवतेस कारण त्यांना हवी असेल. ते येतात कारण तू एवढं करतेस तर नाही कसं म्हणायचं. यातल्या एकाला तरी फोन करून विचार, 'खरं सांग, तुला यायचं असतं का?' कदाचित ते हो म्हणतील, आणि मनापासून म्हणतील. मग पुढच्या वेळी ठरवायचं काम त्यांच्यातल्याच एकाला दे. पण विचारल्याशिवाय तुला कळणार नाही, आणि त्यांनाही.

आपल्या भाषेत या सगळ्याला एक अचूक शब्द आहे: भीड. भीड पडते, भीड मोडवत नाही, भिडेखातर हो म्हटलं जातं, आणि सवयीनं ती चेपतेही. भीड ही भिकेची बहीण, असं जुनी माणसं म्हणायची. लहानपणी मला ती म्हण पैशांची वाटे. भिडेनं उसने दिले, बुडाले, खलास. पण पैसे गेलेले निदान कळतात तरी, खिसा हलका होतो. वेळ गेलेला कळत नाही. चार-पाच वर्षांनी एकदम ध्यानात येतं की तंबोरा कोपऱ्यात धूळ खात पडलाय आणि आपण अजून दुसऱ्यांचे बायोडेटे दुरुस्त करतोय. तू गात होतीस ना? तेवीस कामांत गाणं नाही, हे मी दोनदा तपासलं.

तुझ्यासारख्या माणसांना भीड जास्त का पडते, याबद्दल माझं एक निरीक्षण आहे. तुला तो उलट्या स्वेटरचा दिवस आठवतो? मी घाईत स्वेटर उलटा घालून आले होते; शिवण बाहेर, मानेपाशी लेबल. लागोपाठ दोन तास शिकवले. दुसऱ्या वर्गात साठ मुलं. तास संपल्यावर एकच मुलगी टेबलापाशी येऊन कुजबुजली, 'मॅडम, स्वेटर उलटा आहे.' ती तू होतीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टाफरूममध्ये जाऊन दोघा-तिघांना विचारलं, तर सकाळपासून मला बघणाऱ्या त्या भल्या माणसांनीही काही पाहिलं नव्हतं.

कॉर्नेल विद्यापीठात थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी हेच मुद्दाम घडवून पाहिलं होतं. २००० साली ते प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाचा चेहरा छापलेला टी-शर्ट घालायला लावायचा, म्हणजे त्या वयाच्या मुलांना चारचौघांत नको वाटेल असा, आणि मुलं बसलेल्या खोलीत पाठवायचं. नंतर विचारायचं, किती जणांनी बघितलं असेल तुझ्या शर्टावर कोण आहे ते? घालणाऱ्यांचा अंदाज निम्म्याच्या आसपास. प्रत्यक्षात ओळखलं होतं जेमतेम पाव जणांनी.

आता माझं निरीक्षण. जी माणसं दुसऱ्यांचं बारीकसारीक टिपतात, त्यांना वाटतं सगळं जग तसंच टिपत असणार. तू साठांतली एक आहेस. उरलेल्या एकोणसाठांना तू बाळ बघायला दुसऱ्या महिन्यात आलीस की पाचव्यात, हे आठवणारही नाही. त्या बाळाच्या आईला तर नाहीच, ती बिचारी झोपेला पारखी झालेली असते. खरं तर तिच्याकडे जाऊ नयेस, तिला एक दुपार झोपू द्यावंस, असं माझं मत. पण ते असो.

पुढच्या महिन्याचे चार रविवार कसे गेले, ते बघू. ते गेले तेव्हा तू काही आज हो म्हणत नव्हतीस. तीन-चार आठवड्यांआधी म्हणाली होतीस. तेव्हा तो महिना रिकामा दिसत होता. गॅल झॉबरमन आणि जॉन लिंच यांनी २००५ मध्ये यावर काम केलं. माणसाला पैशांच्या बाबतीत कळतं की पुढच्या महिन्यातही हात आखडलेलाच असणार, पण वेळेच्या बाबतीत दर वेळी वाटतं की आत्ताच काय ती गडबड आहे, पुढे मोकळीक आहे. पुढे कधीच मोकळीक नसते. पुढचा महिना या महिन्याचाच सख्खा भाऊ. म्हणून कुणी महिन्यानंतरचं आमंत्रण दिलं तर मी मनात तारीख बदलते: हे उद्या सकाळी असतं तर? पोटात गोळा आला तर उत्तर मिळालं. महिना उलटल्यावर तो गोळा येणारच असतो, मग आजच येऊ दे.

आणि एक गंमत. तू माझ्याकडे उपाय विचारलास तोही काहीतरी वाढवण्याचाच: नियोजन, म्हणजे आणखी एक वही, आणखी एक ॲप. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांचा २०२१ चा एक प्रयोग आहे, लेगोच्या ठोकळ्यांचा. छोट्या इमारतीचं छप्पर एका कोपऱ्यातल्या एकाच ठोकळ्यावर टेकलेलं. त्यावर वीट ठेवता येईल असं ते मजबूत करायचं. नवा ठोकळा लावला की प्रत्येकी दहा सेंट बक्षिसातून वजा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे तो एकुलता ठोकळा काढून टाकणं, छप्पर आपसूक खालच्या भागावर नीट बसतं. तरी बहुसंख्य लोक ठोकळे जोडतच बसले. काढून टाकणारे ४१ टक्के. मग दुसऱ्या गटाला एवढंच जास्तीचं सांगितलं की ठोकळा काढायला पैसे पडत नाहीत. तिथे काढणारे ६१ टक्के झाले. म्हणजे लोकांना काढणं नकोसं होतं असं नाही, ते सुचतच नव्हतं. तुला हे पत्र म्हणजे तेवढंच जास्तीचं वाक्य समज.

आता तू म्हणशील, मॅडम, हे सगळं पटलं, पण तोंडानं 'नाही' निघत नाही. माहितीये. निघत नाही म्हणून आपण काय म्हणतो ते बघ. 'बघते.' 'प्रयत्न करते.' 'कळवते.' ही तीन उत्तरं मी आयुष्यभर वापरली आणि तिन्हींचा मला आता राग येतो. 'बघते' म्हटलं की समोरच्याला वाटतं, पाऊण हो. आपल्याला वाटतं, पाऊण नाही. मग आठवडाभर दोघंही लटकलेले. तो माझी खुर्ची धरून ठेवतो आणि मी त्याचा फोन आला की दचकते. शेवटी नाही सांगायचं ते आदल्या रात्री सांगते, जेव्हा ते खरोखर लागतं. नम्रपणाच्या नावाखाली केलेला हा त्रास आहे.

त्यापेक्षा आपल्या भाषेत एक फार सभ्य वाक्य तयार आहे: 'मला जमणार नाही.' जमणार नाही यात वेळ नाही, की शक्ती नाही, की इच्छा नाही, काही उघड होत नाही, आणि खोटंही काही नसतं. ते म्हण आणि थांब. पुढे कारण जोडू नकोस. कारण दिलंस की समोरचा माणूस प्रेमानं ते सोडवायला बसतो. गाडी नाही म्हणालीस तर गाडी पाठवेल, त्या दिवशी काम आहे म्हणालीस तर दिवस बदलेल. मी एकदा पाहुणे येणार असल्याचं खोटं कारण दिलं, तर यजमान म्हणाले, त्यांनाही घेऊन या! नसलेले पाहुणे कुठून नेणार? दुसरं खोटं बोलावं लागलं, त्याला तिसऱ्याचं टेकण.

समोरच्याला वाईट वाटेल, ही धास्तीही आपण फुगवून धरतो. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांनी २०२३ मध्ये आमंत्रण नाकारण्यावरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. नाकारणाऱ्याला वाटतं, बोलावणारा रागावेल, दुखावेल, पुन्हा बोलावणार नाही. बोलावणाऱ्यांना विचारलं तर त्यांना त्यापेक्षा बरंच कमी वाटलेलं असतं. त्याचं एक कारण मला फार आवडतं: आपल्याला वाटतं, त्याच्या कानावर फक्त 'नाही' पडलं, त्याच्या मनात मात्र हेही येतं की हिनं विचार केला असणार, मगच नाही म्हणाली. तू स्वतः कुणाला बोलावलंस आणि ते आले नाहीत, तर किती दिवस मनात ठेवतेस? बघ आठवून.

फोनबद्दल दोनच ओळी, कारण त्यावर सगळेच बोलतात. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा २०१४ पासून आहेत, त्याआधी आपण मेसेज वाचला की नाही हे कुणाला कळत नव्हतं आणि नाती टिकूनच होती. त्या खुणा बंद करता येतात. ग्रुपमधून गाजावाजा न होता बाहेर पडायची सोयही २०२२ पासून आहे, सूचना फक्त ॲडमिनला जाते. ज्यांनी हे बनवलं त्यांच्याही लक्षात आलं होतं म्हणायचं.

इथे मात्र तुला थांबवते, कारण हे वाचून तू उद्या सकाळी लाल पेन घेऊन बसशील आणि सगळंच खोडशील. भिडस्त माणूस एकदा उलटला की तसंच करतो. मी केलं होतं.

त्या वहीतल्या यादीत एक ओळ होती: रविवारी संध्याकाळी मावशीकडे. तिसरा रकाना कोरा. तिनं मला कधीच 'ये' म्हटलं नव्हतं. गेले की तीच ती बोलणी, माझं ती ऐकून घ्यायची नाही, मी घड्याळाकडे बघत बसायचे. निघताना ती म्हणायची, 'आता आलीच आहेस तर एवढं वाचून दे,' आणि दोन-चार कागद, औषधांच्या पट्ट्या पुढे करायची. मी उभ्या उभ्या वाचून निघायचे. माझ्या हिशोबात हे शुद्ध उपचार होते, खोडलं. रविवार मोकळा झाल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

दोनेक महिन्यांनी ती चक्कर येऊन पडली, मनगट मोडलं. डॉक्टरांनी गोळ्या तपासल्या तेव्हा कळलं की सकाळची गोळी ती रात्री घेत होती आणि रात्रीची सकाळी. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही एवढ्याशा. पट्टीवरची बारीक अक्षरं तिला दिसत नव्हती, कधीपासून, कोण जाणे. मी म्हटलं, अगं सांगायचंस ना मला. तर म्हणाली, 'तू कामातली माणूस, तुला कशाला भीड घालायची.'

म्हणजे भीड तिलाही होती. मी माझ्या भिडेपायी जात होते आणि ती तिच्या भिडेपायी मागत नव्हती. माझा तिसरा रकाना कोरा होता तो गरज नव्हती म्हणून नव्हे, तोंड उघडलं गेलं नव्हतं म्हणून. निरोपाच्या भाषणांचा कोरा रकाना आणि मावशीचा कोरा रकाना, कागदावर दोन्ही अगदी सारखे दिसत होते, आणि मी दोन्हीकडे एकच पेन चालवलं. प्राचार्यांशी मी निदान बोलले तरी होते. मावशीला मी विचारलं नाही, सांगितलंही नाही, नुसती जायची थांबले.

तेव्हापासून मी खोडण्याआधी विचारते. जिथे विचारणं शक्य नसतं तिथे निदान डोकावते: मी नाही गेले तर त्या घरात काय अडेल? बहुतेक वेळा काही अडत नाही. पण आजारपण, एकटं राहणारं माणूस, कुणाचे घेतलेले पैसे, स्वतःच्या तोंडानं दिलेला शब्द, यांच्यावर पेन चालवायला मी आता घाबरते. घाबरावंच. तुझ्या यादीत बाबांना बँकेत घेऊन जाणं आहे, नववं. ते 'लागतं' मध्ये लिहिलंयस तू, पण त्याला कर्ता आहे, आणि त्याचे गुडघे दुखतात. ते राहू दे. जमल्यास पहिल्या क्रमांकावर घे.

भेटवस्तूच्या तोडीचं शोधायचंय म्हणतेस, ते मला जास्त छळतंय. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ च्या सुमाराला, जगभरच्या निरनिराळ्या समाजांतल्या देण्याघेण्यावरून दाखवून दिलं की भेटीपाठी तीन बंधनं येतात: देणं, घेणं आणि फेडणं. त्या फेडण्याची तुला फार घाई असते. आठवड्याच्या आत, तेवढ्याच किमतीचं. ते दुकानात करतात गं. तिथे आपण पैसे देतो आणि सुटतो, पुन्हा एकमेकांचं तोंड नाही बघितलं तरी चालतं. ज्यांच्याशी नातं ठेवायचंय त्यांचं थोडं देणं अंगावर राहू द्यावं. कधीतरी तीन वर्षांनी त्यांना एखादी गोष्ट नेमकी हवी असते आणि ती नेमकी आपल्याजवळ असते. तोपर्यंत ऋणी राहायला लाजायचं कारण नाही. मी तर कित्येकांची ऋणी आहे, आणि झोप छान लागते.

याची दुसरी बाजू तुला आवडणार नाही. तू पत्रात लिहिलंयस की अमुकच्या वेळी मी दोन गाड्या बदलून गेले आणि माझ्या वेळी ती आली नाही. म्हणजे तुझ्याकडेही वही आहे. स्वतःला सोडवायचं असेल तर त्या वहीतली माणसं आधी सोडून दे. तिला बहुतेक माहीतही नाही की ती तुझी देणेकरी आहे. तू दोन गाड्या बदलून यावंस असं तिनं तरी कुठे म्हटलं होतं?

हे सगळं एका रात्रीत करू नकोस आणि जाहीर तर मुळीच करू नकोस. 'आजपासून मी फक्त मनाला पटेल तेच करणार' असं म्हणणाऱ्या माणसांची मला धडकी भरते. त्यांचा पुढचा महिना लोकांना ते समजावून सांगण्यातच जातो. गुपचूप एक काम सोड. वाचन मंडळाच्या पुस्तकापासून सुरुवात कर, ते सगळ्यात सोपं आहे, पुस्तकाला वाईट वाटत नाही. मग थांब. दोन आठवडे काय होतं ते बघ. पहिले काही दिवस हात शिवशिवतील, काहीतरी विसरल्यासारखं होईल, एखादा जण 'बदललीस हं' म्हणेल. म्हणू दे. मग पुढचं. बायोडेटावाल्या मित्राला कळव की जमणार नाही. कारण जोडायचं नाही, लक्षात आहे ना.

तुझी यादी सोबत परत पाठवतेय. माझ्या पेन्सिलीच्या रेघा तशाच ठेवल्यात, पण खोडाखोड केलेली नाही, ती तुझी तू कर. फक्त एक ओळ मी माझ्या हातानं खोडली आहे. सतरावी: 'मॅडमना भेटायला जायला लागेल, किती दिवस राहिलंय.' मी बोलावलं नव्हतं, तिसरा रकाना कोरा आहे, आणि मला औषधांवरची अक्षरं अजून स्वच्छ दिसतात.

कधी सहज वाटलं तर ये. आधी कळवू नकोस, नाहीतर मी घर आवरत बसेन. पलीकडच्या खुर्चीवर पुस्तकांचा ढीग असतो हल्ली, तो तेवढा तुलाच उचलावा लागेल.

तुझी,
मॅडम